चरित्रकोशात कोण येतं, कोण राहून जातं

चरित्रकोश हातात पडला की वाचणारा आधी शेवटची सूची उघडतो आणि आपल्या गावचं, आपल्या ओळखीचं नाव शोधतो. नाव दिसलं नाही की लगेच प्रश्न येतो, "आमचे गुरुजी राहिलेच कसे?" परभणीत, नांदेडात, अंबाजोगाईत हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकला आहे. विचारणाऱ्याचा राग खरा असतो. ज्यानं सबंध हयात एका आडगावात शाळा चालवली त्याच्यासाठी चार ओळी नाहीत, आणि ज्याचं नाव पंचक्रोशीत कोणाला ठाऊक नाही त्याला अर्धं पान मिळालेलं. मग वशिला, जात, पुण्या-मुंबईचा दुजाभाव अशी कारणं निघतात. त्यांत तथ्य असतंही. पण निवडीचं काम आतून पाहिलं तर नाव गळण्याचं सगळ्यात मोठं कारण दुसरंच आहे. त्या माणसाबद्दल घराबाहेरच्या कोणी, वेळेवर, तारीख घालून काही लिहूनच ठेवलेलं नसतं. मराठवाड्यात हे दुखणं फार जुनं आहे आणि त्याची कारणं इथल्या इतिहासात आहेत. ती नीट समजून घेतली तर नावं राखण्याचा मार्गही सापडतो, म्हणून हा लेख.

आधी हद्द, मग नावं

कोशाचं काम नावांपासून सुरू होत नाही. आधी हद्द ठरते. काळ कुठून कुठपर्यंत, प्रदेश कोणता, क्षेत्रं कोणती, हयात माणसं घ्यायची की नाही, आणि एकूण पानं किती. याची उत्तरं लिहून काढल्याशिवाय नावं गोळा करायला बसलं तर ज्याचा आवाज मोठा त्याची माणसं कोशात जातात.

मराठीत या कामाचा पाया सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी घातला. त्यांचा प्राचीन चरित्रकोश १९३२ साली आला, मध्ययुगीन १९३७ साली आणि अर्वाचीन १९४६ साली. मध्ययुगीन आणि अर्वाचीन यांच्यामधली रेघ त्यांनी १८१८वर ओढली. त्या वर्षी पेशवाई बुडाली, तेव्हा पुण्याच्या बाजूनं पाहिलं तर ही रेघ अगदी योग्य. पण औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी हा मुलूख १८१८च्या आधी निजामाचा होता आणि नंतरही निजामाचाच राहिला. इथल्या माणसाचं जग खऱ्या अर्थानं पालटलं ते १७ सप्टेंबर १९४८ला, निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आलं तेव्हा. आता समजा एखाद्या कोशानं 'स्वातंत्र्यापर्यंतचा काळ' म्हणून १९४७ हे शेवटचं वर्ष धरलं, तर हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं सगळ्यात तापलेलं वर्ष, म्हणजे ज्या वर्षी इथली शेकडो साधी माणसं पुढे आली तेच वर्ष, हद्दीबाहेर पडतं. कोणी मुद्दाम कोणाला वगळलेलं नसतं. वर्ष ठरवतानाच ती माणसं वगळली गेलेली असतात.

प्रदेशाचं तसंच. 'मराठवाड्यातली माणसं' म्हणजे कोण? इथं जन्मलेली, की इथं काम केलेली? स्वामी रामानंद तीर्थ यांच्याशिवाय मराठवाड्याचा कोश होऊच शकत नाही, पण त्यांचा जन्म १९०३ साली विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. गोविंदभाई श्रॉफ यांचा जन्मही विजापूरचाच. जन्मस्थान ही एकच अट धरली तर मुक्तिसंग्रामाचे हे दोन्ही नेते बाहेर राहतात. उलट समर्थ रामदास जालना जिल्ह्यातल्या जांबचे, पण कार्य साताऱ्याकडचं. सेतुमाधवराव पगडी निलंग्याचे, नोकरी हैदराबादची आणि पुढे मुंबईची. आणि जमाते इस्लामीचे संस्थापक मौलाना मौदूदी जन्मले १९०३ साली औरंगाबादेत, त्यांचं पुढचं आयुष्य गेलं पंजाबात आणि लाहोरला. त्यांना घ्यायचं का? जन्माच्या अटीनं घ्यावं लागतं, कार्याच्या अटीनं नाही. 'बाबा-ए-उर्दू' म्हणून ओळखले जाणारे मौलवी अब्दुल हक हापूडचे, पण त्यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दू या उर्दूच्या प्रसारासाठीच्या संस्थेचा कारभार कित्येक वर्षं औरंगाबादेतून चालवला. कार्याच्या अटीनं ते मराठवाड्याचे ठरतात, आणि माझ्या मते ठरायलाच हवेत. बहुतेक शहाणे संपादक जन्म किंवा कार्य, दोहोंपैकी एक पुरे असं धरतात आणि प्रस्तावनेत तसं स्पष्ट लिहितात. वाचकानं ती प्रस्तावना आधी वाचावी. निम्म्या तक्रारींची उत्तरं तिथंच मिळतात.

जिल्ह्याचा कोश काढताना आणखी एक अडचण येते. जालना जिल्हा १९८१चा, लातूर १९८२चा, हिंगोली १९९९चा. नरहर कुरुंदकर १९३२ साली नांदापूरला जन्मले तेव्हा ते गाव परभणी जिल्ह्यात होतं, आज ते हिंगोलीत आहे, आणि त्यांचं सगळं काम उभं राहिलं नांदेडला. तीनही जिल्हे त्यांना आपलं म्हणतात. संपादकानं जन्मवेळचं नाव आणि आजचं नाव दोन्ही द्यायची, एवढंच. अंबाजोगाईसाठी जुन्या कागदांत मोमिनाबाद शोधावं लागतं, हे ज्याला माहीत नाही त्याला स्वामी रामानंद तीर्थांनी शिक्षक म्हणून घालवलेली वर्षं कागदात सापडायची नाहीत.

हयात माणसांबद्दल कोश दोन प्रकारचे असतात. इंग्लंडच्या राष्ट्रीय चरित्रकोशात फक्त दिवंगतांना जागा आहे. १८८५ ते १९०० या काळात त्याचे ६३ खंड निघाले, तेव्हापासून ही अट पाळली गेली आहे. कारण सरळ आहे. आयुष्य पुरं झाल्याशिवाय कामाचं वजन कळत नाही, आणि माणूस समोर असला की भीड पडते. दुसरा प्रकार 'हूज हू'सारख्या हयात माणसांच्या कोशांचा. तिथं बहुतेक माहिती त्या माणसानंच फॉर्मवर भरून दिलेली असते. त्यामुळे पत्ता, पदं, पुरस्कार यांसाठी तो कामाचा, मूल्यमापनासाठी नाही. जिल्ह्याजिल्ह्यात निघणाऱ्या कोशांत हे दोन्ही प्रकार एकत्र कालवले जातात आणि तिथंच गाडं अडतं. हयात आमदाराची नोंद दोन पानं आणि शेजारच्या पानावर संतकवी दासोपंतांना आठ ओळी, असं होतं ते यामुळे.

यादी कशी बनते

हद्द ठरली की कच्ची यादी. ती जुन्या कोशांवरून, गॅझेटिअरवरून, संमेलनाध्यक्षांच्या आणि पुरस्कारांच्या याद्यांवरून, स्वातंत्र्यसैनिकांच्या नोंदींवरून आणि वर्तमानपत्रांतल्या मृत्युलेखांवरून होते. कच्ची यादी नेहमी हवी त्यापेक्षा कितीतरी मोठी असते. मग ती विषयवार जाणकारांकडे जाते: संत आणि पंथ, मुक्तिसंग्राम, शिक्षण, शेती, संगीत, उर्दू साहित्य. जाणकार काही नावं कापतात, काही घालतात, आणि शेवटचा शब्द संपादक मंडळाचा.

यात एक धोका आहे. जुन्या कोशावरून नवा कोश केला की जुन्या कोशात नसलेला माणूस नव्यातही येत नाही. एकदा राहिला की राहतोच. इंग्रजी चरित्रकोशाच्या संपादकांना हे कळत होतं. ते आगामी नावांची यादी एका साप्ताहिकात छापून वाचकांकडून भर मागवत. तरी माणसं राहिलीच. शेवटी १९९३ साली 'राहून गेलेल्यांचा' एक स्वतंत्र खंड काढावा लागला आणि त्यात हजाराहून अधिक नोंदी निघाल्या. २००४ साली तो कोश नव्यानं ६० खंडांत आला तेव्हा जुन्यातलं एकही नाव काढायचं नाही असं ठरलं. माझ्या मनाला हा निर्णय फार पटतो. एका पिढीनं ज्याला महत्त्वाचा मानला त्याला पुढच्या पिढीनं पुसून टाकू नये, नोंद हवी तर नव्यानं लिहावी. महाराष्ट्रात कच्ची यादी लोकांपुढे ठेवण्याची पद्धत अजून रुजलेली नाही. जिल्ह्याचा कोश काढणाऱ्यांनी एवढं केलं, सहा महिने आधी स्थानिक दैनिकात यादी छापली, तर प्रकाशन समारंभानंतरचे रुसवेफुगवे बरेच टळतील आणि कोशही सुधारेल.

मोठा म्हणजे काय

यादीतल्या प्रत्येक नावाला संपादक थोडेसेच प्रश्न विचारतो. या माणसामुळे काय बदललं? ते बदललेलं त्याच्या गावाबाहेर, त्याच्या हयातीनंतर टिकलं का? तो पदामुळे आठवतो की कामामुळे? आणि पन्नास वर्षांनी एखादा विद्यार्थी हे नाव शोधत कोशाकडे येईल का? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात नेमका वाटतो. कोश शोधणाऱ्यासाठी असतो. सत्कारासाठी गौरवग्रंथ आहेत.

पदाचं उदाहरण घेऊ. एखादे गृहस्थ दहा वर्षं जिल्हा परिषदेचे सभापती होते. पद मोठं, पण त्या काळात त्यांनी वेगळं काय केलं ते सांगता येत नसेल तर नोंद होत नाही. याउलट परभणीचे बी. रघुनाथ. सरकारी कचेरीत साधी नोकरी, आयुष्य जेमतेम चाळीस वर्षांचं, १९१३ ते १९५३. पद काहीच नाही. पण कविता, कथा, कादंबऱ्या आजही वाचल्या जातात, त्यांच्यावर प्रबंध होतात. कोणत्याही कसोटीला ते उतरतात. मुलगा, जावई, बंधू एवढ्याच नात्यानं कोणी कोशात येत नाही. त्याचा उल्लेख मूळ नोंदीत एका वाक्यात होतो.

आता अवघड भाग. कोशात येण्यासाठी माणूस चांगला असावा लागत नाही. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. मराठवाड्याच्या कोशात त्याची नोंद असलीच पाहिजे. ज्यांच्या घरांनी त्या काळात माणसं गमावली, गावं सोडली, त्यांना हे वाचून त्रास होतो, आणि तो त्रास मी हलका लेखत नाही. पण रझवी काढून टाकला तर मुक्तिसंग्रामातल्या बाकीच्या सगळ्या नोंदी अधांतरी लोंबतात. हे लोक कोणाविरुद्ध लढले, तेच वाचकाला कळत नाही. नोंद म्हणजे हारतुरे नव्हेत. काय केलं, केव्हा केलं, परिणाम काय झाला, शिक्षा काय झाली, एवढं कोरडेपणानं लिहायचं. विशेषणं जितकी कमी तितकी ती नोंद जास्त बोलते.

एकाच घटनेमुळे लक्षात राहिलेल्या माणसांचं काय, हा आणखी एक पेच. अशा वेळी बरेच कोश घटनेची नोंद करतात आणि माणसाचं नाव त्यात घालतात. नियम म्हणून ठीक आहे. पण मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा १९७८ ते १९९४ असा सोळा वर्षं चालला. त्यात १९७८ साली नांदेड जिल्ह्यात ज्यांचा जीव घेतला गेला त्या पोचिराम कांबळेंचं नाव आजही सभांमधून, गाण्यांमधून घेतलं जातं. ज्या नावाभोवती एका समाजाची आठवण गोळा झाली, ते नाव 'एकाच घटनेतलं' म्हणून दुसऱ्या नोंदीच्या पोटात ढकलणं मला बरोबर वाटत नाही. अशांना स्वतंत्र नोंद हवी, भले ती दहा ओळींची असो.

निवडीची दुसरी फेरी असते ती शब्दमर्यादेची, आणि ती वाचकाला दिसत नाही. कोणाला हजार शब्द, कोणाला तीनशे, कोणाला शंभर, हे आधीच ठरलेलं असतं. लेखकाकडून जास्त मजकूर आला तर कापला जातो. आपल्या माणसाची नोंद लहान आहे म्हणून हिरमुसू नये. शंभर शब्दांत जन्म, शिक्षण, काम, एखादी नेमकी गोष्ट आणि मृत्यू एवढं बसलं की पुढच्या संशोधकाचं काम भागतं.

कागद कुठं आहेत

इथपर्यंत नाव टिकलं तरी खरी परीक्षा पुढे आहे. संपादक विचारतो, "आधार काय?" आधार म्हणजे त्या माणसाशी, त्याच्या घराशी, त्याच्या संस्थेशी हितसंबंध नसलेल्या कोणी तरी लिहिलेला मजकूर. घरच्यांनी काढलेली स्मरणिका, एकसष्टीचा गौरवग्रंथ, संस्थेचा रौप्यमहोत्सवी अंक हे सगळं वाचलं जातं, त्यातून तारखा आणि संदर्भ मिळतात, पण मोठेपणाची साक्ष म्हणून ते चालत नाही.

एक कल्पित उदाहरण जवळून पाहू. समजा गेवराई तालुक्यातले एक शाहीर. चाळीस वर्षं कलापथक चालवलं, दारूबंदीपासून कुटुंबनियोजनापर्यंत गावोगाव कार्यक्रम केले. त्यांचा मुलगा पिशवी घेऊन येतो. पिशवीत काय? पंचवीस-तीस स्मृतिचिन्हं, शालीचे फोटो, प्लास्टिकच्या फाइलीत कात्रणं. कात्रणं नीट कापलेली, फक्त मजकूर ठेवलेला. वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख कात्रीनं गेलेली. स्मृतिचिन्हावर 'सप्रेम भेट' आणि देणाऱ्या मंडळाचं नाव, साल नाही. एवढ्या पसाऱ्यातून नोंद उभी राहत नाही. पण फाइलीच्या तळाशी घडी घातलेला एक पिवळा कागद निघतो: आकाशवाणीच्या परभणी केंद्राचं करारपत्र. त्यावर कार्यक्रमाचं नाव, तारीख, मानधन, सही. कुटुंबाला त्याची काही किंमत वाटलेली नसते, कारण रक्कम अगदी थोडी. संपादकासाठी मात्र सगळ्या स्मृतिचिन्हांपेक्षा तो एक कागद भारी. बाहेरच्या संस्थेनं, त्या दिवशी, या माणसाला कलावंत म्हणून बोलावलं होतं, याचा तो पुरावा. त्याच्या जोडीला वृद्ध कलावंत मानधन मंजुरीचं पत्र आणि एखाद्या संशोधकानं शाहिरीवरच्या प्रबंधात केलेला उल्लेख मिळाला की नोंदीला बूड आलं.

जन्मतारखेची कथा तर घरोघरी आहे. आपल्याकडे एका पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळेत नाव घालताना तारीख कोणाला सांगता यायची नाही, मग मास्तर जून महिन्याची पहिली तारीख टाकायचे. प्रवेश-निर्गम रजिस्टरमधली ती तारीख पुढे आधार कार्डापर्यंत आली. चांगला संपादक १ जून दिसला की थबकतो, दुसरा पुरावा शोधतो, नाही मिळाला तर फक्त साल देतो. निजामाच्या काळातला कागद असेल तर साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेचं असतं आणि महिने आजूर, दै, बहमन असे. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन साधारण हाती लागतो, पण वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होत असल्यानं जानेवारीपासूनच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवावे लागतात. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. हा हिशेब न केल्यामुळे एका वर्षाचा फरक पडलेल्या तारखा छापील पुस्तकांत आजही फिरतात.

आणि मूळ दुखण्याकडे येतो. निजामाच्या राज्यात कचेरी, कोर्ट आणि वरचं शिक्षण यांची भाषा उर्दू होती. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं तेच उर्दू माध्यमाचं. पुण्यात त्याच काळात गल्लोगल्ली मराठी नियतकालिकं, सभांचे वृत्तान्त, संस्थांचे अहवाल छापले जात होते. इकडे मराठी सभा घ्यायची तरी परवानगीचा प्रश्न, छापखाने मोजके. म्हणजे ज्या वर्षांत पुण्याच्या एखाद्या मध्यम प्रतीच्या कार्यकर्त्याची दहा ठिकाणी नोंद झाली, त्याच वर्षांत आमच्याकडच्या तोलामोलाच्या माणसाची मराठीत एकही झाली नाही. झाली ती उर्दूत, सरकारी दप्तरात, आणि ते दप्तर राहिलं हैदराबादेत. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मराठवाड्यातल्या घराघरांत हे उमगलं की आपल्या पणजोबांचा कागद उर्दूत किंवा मोडीत आहे आणि तो वाचणारी माणसं शोधावी लागतात. चरित्रकोश करणाऱ्यांना हे आधीपासून सोसावं लागत होतं. उर्दूत छोटे स्वर लिहिले जात नाहीत, त्यामुळे मराठी आडनाव तीन-तीन तऱ्हांनी वाचता येतं. गावचं नाव जुळवून माणूस पक्का करावा लागतो.

याच कारणानं उर्दूतली माणसं मराठी कोशांत फार कमी दिसतात. वली आणि सिराज ही उर्दू कवितेच्या इतिहासातली पहिल्या रांगेतली नावं औरंगाबादेशी जोडलेली आहेत. सिकंदर अली वज्द वैजापूरचे, पुढे राज्यसभेवरही गेले. उर्दूच्या कोणत्याही कोशात ते भेटतील. मराठवाड्याच्या मराठी कोशात ते नसले तर तो कोश अर्धा आहे असं मी म्हणेन. मराठवाडा साहित्य परिषदेच्या 'प्रतिष्ठान'चे जुने अंक आणि अनंत भालेरावांच्या काळातल्या दैनिक 'मराठवाडा'च्या फायली हे मराठीतले दोन मोठे खजिने आहेत. तितक्याच चिकाटीनं उर्दू खजिनाही उघडला पाहिजे.

कागद नसतील तर

कागद नाही म्हणून नोंद नाही, असा कडक नियम लावला तर बायका, दलित, भटके, कारागीर, लोककलावंत असे सगळे एका फटक्यात बाहेर जातात. इंग्लंडच्या त्या नव्या आवृत्तीतही बायकांचं प्रमाण साधारण दहा टक्केच आहे, आणि जुन्या आवृत्तीत त्याहून खूपच कमी होतं. आपल्याकडे वेगळं काय असणार?

पण आपल्या परंपरेत याचं उत्तरही आहे. गंगाखेडच्या जनाबाईंची जन्मतारीख कोणाला ठाऊक नाही, जातं आणि अभंग एवढाच ऐवज. तरी एकही कोशकार त्यांना वगळत नाही, कारण त्यांचे शब्द लोकांच्या तोंडी टिकले. तेरच्या गोरोबाकाकांचं तेच. संत बहिणाबाई देवगावच्या, सतराव्या शतकातल्या. त्यांनी आपलं आयुष्य स्वतःच अभंगांत सांगितलं, शिऊरला त्यांची समाधी आहे. स्वतःचं निवेदन हाही आधार आहे, फक्त तो तसा आहे हे नोंदीत सांगायचं. नामदेवांच्या जन्मस्थळाबद्दल नरसी आणि पंढरपूर अशी दोन मतं आहेत. संपादकानं दोन्ही द्यावी. शिखांच्या ग्रंथसाहेबात नामदेवांची ६१ पदं आहेत, हा मात्र वादापलीकडचा आधार, आणि तो महाराष्ट्राबाहेरून मिळतो.

मग तेराव्या ते सतराव्या शतकाला दिलेली ही सूट विसाव्या शतकातल्या बाईला का नाही? धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके रझाकारांविरुद्ध लढल्या. जालना-बदनापूरकडच्या जुन्या माणसांनी त्यांच्या आठवणी सांगितल्या, पुढे त्या लिहिल्या गेल्या, म्हणून आज त्यांची नोंद करता येते. त्यांच्याबरोबर भाकरी पोचवणाऱ्या, निरोप नेणाऱ्या, हत्यारं दडवणाऱ्या किती जणी होत्या त्यांचं कोणी ऐकून लिहिलं नाही. तोंडी साक्ष कोशाला चालते, पण तिच्या अटी आहेत. सांगणाऱ्याचं नाव, वय, त्या माणसाशी नातं, मुलाखतीची तारीख हवी. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोघांनी तरी तीच गोष्ट सांगितलेली हवी. हे पंचवीस वर्षांपूर्वी गावोगाव करता आलं असतं. १९४८ साली पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदी ओलांडून गेला आहे. जे कोणी उरलेत त्यांच्याकडे या महिन्यातच जायला हवं.

पैसे मागणाऱ्या कोशांबद्दल थोडक्यात. 'आपली निवड झाली आहे, प्रतींसाठी एवढी रक्कम भरा' असं पत्र आलं तर ती निवड नव्हे, विक्री आहे. खरा कोश नोंदीसाठी एक पैसा घेत नाही. अशा पुस्तकातली नोंद पुढे कोणताही जबाबदार संपादक आधार म्हणून धरत नाही.

मराठी विकिपीडिया २००३पासून आहे, आणि तिथं पानांची मर्यादा नाही, त्यामुळे कोणालाही घालता येईल असा समज आहे. तिथंही 'उल्लेखनीयता' ही अट आहेच: स्वतंत्र, विश्वासार्ह स्रोतांनी त्या व्यक्तीची सविस्तर दखल घेतलेली असावी. स्वतःवर किंवा आपल्या वडिलांवर लेख लिहिणं तिथं प्रशस्त मानत नाहीत. कागदाच्या कोशात जो प्रश्न विचारतात तोच तिथंही विचारला जातो.

तेव्हा आपल्या गावच्या माणसाचं नाव कोशात यावं असं वाटत असेल, तर संपादकाला फोन करण्याआधी काही कामं करावी लागतात. कात्रणं कापताना वर्तमानपत्राचं नाव, तारीख आणि पान त्याच कागदावर पेनानं लिहा. फोटोच्या मागे कोण, कुठं, केव्हा ते लिहा, जिवंत माणसाला विचारून. आकाशवाणीची, विद्यापीठाची, सरकारी खात्यांची पत्रं फेकू नका. शाळेतून प्रवेश-निर्गमचा उतारा काढून ठेवा. उर्दू कागद असतील तर वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत घालू नका, जाणत्याकडून गोषवारा करून घ्या आणि मूळ कागदाला तो जोडा. घरातल्या कोणी लेख लिहिण्यापेक्षा त्या विषयातल्या बाहेरच्या जाणकाराला, एखाद्या प्राध्यापकाला, पत्रकाराला कागद दाखवून लिहायला सांगा, आणि त्याला जे खटकेल तेही लिहू द्या. तो लेख नियतकालिकात छापून आला की अंकाची एक प्रत तालुक्याच्या ग्रंथालयात आणि एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात द्या, आणि तिच्यावर दाखल क्रमांक पडेपर्यंत पाठपुरावा करा. संपादकाला पाठवायच्या पानावर नाव, साल, काम याखाली तो क्रमांक लिहिलेला असला, की त्याला नोंद तपासायला कोणाच्या घरी जावं लागत नाही.